सप्टेंबरमध्ये कंपनीकडून येणारं औषधांचं पत्र

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांना दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास कंपनीकडून दोन-तीन पानांचं एक पत्र येतं. कधी टपालाने, कधी ईमेलने, कधी विम्याच्या जाडजूड पुस्तिकेत घातलेलं. तुमचं औषधांचं कव्हरेज आणि मेडिकेअर याविषयीची महत्त्वाची सूचना, अशा अर्थाचा मथळा त्यावर असतो. चाळिशीतला माणूस 'मेडिकेअर' हा शब्द पाहतो, हे म्हाताऱ्यांचं आहे असं समजतो आणि पत्र बाजूला टाकतो. साठी उलटलेला माणूस ते उघडतो, पहिल्या परिच्छेदातल्या कायद्याच्या भाषेला अडखळतो आणि 'नंतर बघू' म्हणून ठेवून देतो. ते नंतर बहुतेकदा येतच नाही.

हा विषय आत्ताच का काढला, तर दोन कारणं आहेत. १९९० च्या दशकात एच-वन बी व्हिसावर इथे आलेली मराठी पिढी आता पासष्टीला टेकली आहे. १९६१ साली जन्मलेला इंजिनिअर २०२६ मध्ये मेडिकेअरला पात्र होतो. एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत कितीतरी घरांत हे पत्र पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने लागू होत आहे. दुसरं कारण असं, की कंपनीची औषध योजना पुरेशी चांगली आहे की नाही हे ठरवण्याची फूटपट्टीच २०२६ आणि २०२७ मध्ये बदलते आहे. वर्षानुवर्षं 'पुरेशी' ठरलेली योजना यापुढे तशी ठरेलच असं नाही, आणि ते तुम्हाला सांगणारा कागद हाच.

पार्ट डी इतक्या उशिरा का आला?

मेडिकेअर म्हणजे पासष्ट वर्षांवरच्या लोकांसाठी, आणि काही प्रकारचं अपंगत्व किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्या तरुणांसाठीही, असलेली सरकारी आरोग्य विमा योजना. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तिच्या कायद्यावर सही केली. त्यात दोन भाग होते: पार्ट ए रुग्णालयासाठी आणि पार्ट बी डॉक्टरांसाठी. घरी रोज घ्यायच्या गोळ्या यातल्या कशातच बसत नव्हत्या. त्या काळी औषधं कमी होती आणि आजच्या मानाने स्वस्त होती. पुढे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या झाल्या आणि हा खर्च वाढत गेला.

शेवटी ८ डिसेंबर २००३ रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २००६ पासून पार्ट डी, म्हणजे मेडिकेअरचा औषधांसाठीचा भाग, सुरू झाला. तो विकतात खासगी विमा कंपन्या, पण नियम मेडिकेअरचे. ज्याच्याकडे पार्ट ए किंवा पार्ट बी यांपैकी एक तरी आहे, त्याला दरमहा प्रीमियम भरून तो घेता येतो.

तो घ्यायचा की नाही हे ऐच्छिक आहे, आणि सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. भिशीचं उदाहरण घ्या. दहा बायका दरमहा पैसे घालतात आणि ज्याच्या-त्याच्या पाळीला रक्कम उचलतात. एखादी म्हणाली, 'मी आत्ता काही घालत नाही, मुलीचं लग्न ठरलं की त्या महिन्यात येते आणि रक्कम घेऊन जाते,' तर भिशी मोडेल. विम्याचंही तसंच. निरोगी असेपर्यंत बाहेर राहायचं आणि महागडी औषधं सुरू झाली की आत यायचं, असं सगळ्यांनी केलं तर योजना चालणार नाही. म्हणून पात्र झाल्यावरही जो बाहेर राहिला आणि नंतर आला, त्याला कायद्याने उशिराचा दंड ठेवला.

पण जो माणूस पासष्टीनंतरही कामावर आहे आणि ज्याला कंपनीकडून उत्तम औषध विमा मिळतो, त्याने काय गुन्हा केला? तो भिशी चुकवत नाहीये, दुसऱ्या भिशीत पैसे घालतो आहे. त्याला दंड लावणं अन्यायाचं होतं. म्हणून कायद्याने सूट दिली: कंपनीचं औषध कव्हर पार्ट डीच्या तोडीचं असेल तर कितीही वर्षं थांबा, दंड नाही. या तोडीच्या कव्हरला कायद्याच्या भाषेत 'क्रेडिटेबल कव्हरेज' म्हणतात. मी पुढे त्याला 'तोडीचं कव्हर' म्हणेन.

आता ते तोडीचं आहे की नाही हे कर्मचाऱ्याला कसं कळणार? त्याच्या हातात असतं ते विम्याचं कार्ड आणि फार्मसीतली पावती. हिशोब कंपनीकडे आणि तिच्या विमा कंपनीकडे असतो. म्हणूनच कायद्याने हे सांगण्याचं काम कंपनीवर टाकलं. ते पत्र तिथून येतं.

गॅप सर्टिफिकेटसारखं काहीतरी

महाराष्ट्रात कॉलेजला प्रवेश घेताना मध्ये एखादं वर्ष रिकामं गेलं असेल तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. खिडकीवरचा कारकून विचारतो, बारावी अमुक साली झाली, मग मधलं वर्ष कुठे होतात? त्यावर गॅप सर्टिफिकेट द्यावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला असला तर उत्तर सोपं असतं: तोपर्यंत मी त्या शाळेत होतो.

पार्ट डीमध्ये उशिरा आलेल्या माणसाला नवी विमा कंपनी अगदी हाच प्रश्न विचारते. पासष्टीनंतरचे हे अठ्ठेचाळीस महिने तुमच्याकडे औषधांचं कोणतं कव्हर होतं? उत्तर ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. त्या वेळी कंपनीची दरवर्षीची पत्रं म्हणजे तुमचा शाळा सोडल्याचा दाखला. दर वर्षी एक, अशी चार पत्रं फाइलला असली तर प्रश्न मिटतो.

पत्र दोन प्रकारचं असतं. एकात लिहिलेलं असतं की आमचं औषध कव्हर तोडीचं आहे, तुम्ही पार्ट डी न घेता थांबलात तरी दंड लागणार नाही. दुसऱ्यात लिहिलेलं असतं की आमचं कव्हर तोडीचं नाही. दोन्ही पत्रांची मांडणी, मथळा आणि पानं जवळपास सारखीच दिसतात. अख्खं पत्र वाचणं जमलं नाही तरी 'आहे' की 'नाही' एवढं एक वाक्य शोधून त्याखाली पेनाने रेघ ओढा.

आणि एक गैरसमज इथेच दूर करतो. 'तोडीचं नाही' असं पत्र आलं म्हणजे कंपनीचा विमा सोडून द्या, असा त्याचा अर्थ नाही. काही योजनांत, विशेषतः निवृत्तांच्या, पार्ट डी घेतल्यावर कंपनीचं औषध कव्हर बंद होतं, कधी डॉक्टर-रुग्णालयाचं कव्हरही जातं आणि जोडीदाराचंही. ते परत मिळेलच असं नसतं. पार्ट डी घेतला तर सध्याच्या कव्हरचं काय होईल, हेही त्या पत्रात लिहिलेलं असतं. तो परिच्छेद वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका.

तोडीचं म्हणजे किती?

दोन खानावळींची तुलना करायची आहे असं समजा. एकीत पोळ्या पोटभर, पण गोड फक्त रविवारी. दुसरीत रोज गोड, पण पोळ्या चारच. कुठली सरस? पदार्थाला पदार्थ लावून उत्तर मिळणार नाही. पण दोन्हीकडच्या शंभर मेंबरांचा महिन्याचा जेवणाचा सगळा खर्च मांडला आणि त्यातला सरासरी किती भाग खानावळीने सोसला, किती मेंबराने वरून भरला हे काढलं, तर तुलना करता येते.

कायद्यातली तुलना याच धर्तीची आहे. कंपनीची योजना औषधांवर सरासरी जेवढा खर्च करेल अशी अपेक्षा आहे, तो पार्ट डीच्या प्रमाणित योजनेच्या अपेक्षित खर्चाइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. हे गणित विमा-गणिताचे तज्ज्ञ मांडतात. पण प्रत्येक छोट्या कंपनीला तज्ज्ञ परवडत नाही. म्हणून मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय कार्यालयाने, म्हणजे सीएमएसने, एक सोपी पद्धतही दिली. तिच्या अटींपैकी मुख्य अट अशी होती की योजनेने सदस्यांच्या औषध खर्चाचे सरासरी किमान ६० टक्के सोसले पाहिजेत.

आता ही अट कडक झाली आहे. कारण २०२२ चा महागाई कमी करण्यासाठीचा कायदा, ज्यावर त्या वर्षी १६ ऑगस्टला जो बायडन यांनी सही केली. त्या कायद्याने पार्ट डी खूप उदार केला. इन्सुलिनची महिन्याची किंमत ३५ डॉलरवर बांधली गेली. वर्षाच्या औषध खर्चातला मधला जो टप्पा, ज्यात एकेकाळी बराचसा खर्च स्वतःच भरावा लागे आणि जो लोकांच्या खिशाला भोक पाडायचा, तो गेला. आणि २०२५ पासून वर्षभरात औषधांसाठी खिशातून जाणाऱ्या रकमेला २,००० डॉलरची कमाल मर्यादा आली. २०२६ साठी ती २,१०० डॉलर आहे. कॅन्सरच्या गोळ्या किंवा संधिवाताची इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी हा फार मोठा दिलासा आहे, आणि तो मिळायला इतकी वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

पण पार्ट डी जितका चांगला झाला, तितकी त्याच्या तोडीला येण्याची पायरीही वर गेली. सीएमएसच्या नव्या सोप्या पद्धतीत ६० च्या जागी ७२ टक्के आले, आणि ब्रँडेड व जेनेरिक औषधांबरोबर जैविक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या, औषधांचाही समावेश आला. २०२६ साठी जुनी किंवा नवी, कोणतीही पद्धत वापरायची मुभा कंपन्यांना दिली आहे. २०२७ पासून सोप्या पद्धतीने जायचं असेल तर नवीच.

यात सर्वांत जास्त अडचणीत येतात त्या मोठ्या डिडक्टिबलच्या योजना. डिडक्टिबल म्हणजे विमा सुरू होण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम. एचएसए, म्हणजे आरोग्यासाठीचं करमुक्त बचत खातं, ज्या योजनांना जोडता येतं, त्यांत एकट्या माणसाचं डिडक्टिबल २०२६ मध्ये किमान १,७०० डॉलर असावं लागतं, आणि एरवीची औषधंही त्यातच मोजली जातात. पार्ट डीमध्ये ते जास्तीत जास्त ६१५ डॉलर आहे. फरक उघड आहे. अशी प्रत्येक योजना नापास होते असं नाही. पण तुमची योजना या प्रकारची असेल तर यंदाचं आणि पुढच्या वर्षीचं पत्र डोळ्यांत तेल घालून वाचा.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. 'तोडीचं' हे सरासरीचं माप आहे. तुमचं एक विशिष्ट महागडं औषध कंपनीच्या यादीत नसलं तरी योजना तोडीची ठरू शकते. म्हणून 'आहे' असं पत्र आलं तर दंडाची चिंता मिटली एवढाच अर्थ घ्यावा. तुमच्या औषधांसाठी कुठली योजना स्वस्त, हे वेगळं तपासावं लागतं.

पत्र कोणाला आणि केव्हा?

कायद्याने पाच प्रसंग सांगितले आहेत. दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आत, कारण त्या दिवशी पार्ट डीचा वार्षिक नोंदणी काळ सुरू होतो आणि ७ डिसेंबरला संपतो. माणूस मेडिकेअरला पहिल्यांदा पात्र होण्याआधी. मेडिकेअरला पात्र असलेला माणूस कंपनीच्या योजनेत नव्याने येण्याआधी. कव्हर संपलं किंवा त्याचा दर्जा बदलला की. आणि पाचवा प्रसंग म्हणजे कुणी मागितलं की केव्हाही. 'आधी' याचा अर्थ मागच्या बारा महिन्यांत, त्यामुळे बहुतेक कंपन्या दर सप्टेंबरला एकदाच सगळ्यांना पाठवतात आणि त्यात पहिले दोन-तीन प्रसंग उरकतात.

सगळ्यांना का पाठवतात, हा प्रश्न मला तरुण सहकाऱ्यांनी अनेकदा विचारला आहे. कंपनीला तुमचं वय माहीत असतं, पण तुमच्या बायकोला अपंगत्वामुळे चाळिशीतच मेडिकेअर मिळालं आहे हे तिला माहीत नसतं. डायलिसिसवर असलेल्या मुलाचंही तसंच. सामाजिक सुरक्षेचा अपंगत्व भत्ता चोवीस महिने मिळाला की मेडिकेअर मिळतं, वय काहीही असो. आणि हे पत्र फक्त कर्मचाऱ्यांसाठी नाही, तर योजनेत असलेल्या प्रत्येक मेडिकेअर-पात्र माणसासाठी आहे: निवृत्त लोक, नोकरी सुटल्यावर कोब्रा कायद्याखाली जुना विमा चालू ठेवलेले लोक, जोडीदार, मुलं. कोण पात्र ते शोधत बसण्यापेक्षा सर्वांना पाठवणं सोपं आणि सुरक्षित.

एका पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाला एकच पत्र चालतं. जोडीदार वेगळ्या पत्त्यावर राहतो हे कंपनीला माहीत असेल तर वेगळं पत्र द्यावं लागतं. रोजच्या कामात संगणक वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला ईमेल चालतो, पण त्यात 'घरातल्या मेडिकेअर-पात्र माणसांना याची प्रत द्या' असं सांगावं लागतं. म्हणजे तुमच्या इनबॉक्समधलं ते पत्र कदाचित तुमच्यासाठी नसेल, तुमच्या पत्नीसाठी असेल. तिला ते दाखवणं मग तुमच्यावर आहे.

पत्र पुस्तिकेत घालायलाही परवानगी आहे, पण लपवायला नाही. पहिल्या पानावर, वेगळ्या चौकटीत, किमान १४ पॉइंटच्या अक्षरात 'अमुक पानावर मेडिकेअरची सूचना आहे' असं लिहावं लागतं. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याला ही चौकट कधी दिसलीच नाही. नव्वद पानी पुस्तिकेच्या शेवटी ते 'तोडीचं नाही' होतं. काकांनी ती पुस्तिका जपून ठेवली होती, फक्त इतक्या शेवटपर्यंत वाचली नव्हती. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

'कंपनीने सरकारलाही कळवलं आहे ना?'

हो, कळवावं लागतं. योजनेचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० दिवसांत कंपनी सीएमएसच्या संकेतस्थळावर एक फॉर्म भरते. योजना बंद झाली किंवा तिचा दर्जा बदलला तर ३० दिवसांत पुन्हा. जानेवारीत सुरू होणाऱ्या योजनेसाठी ही मुदत मार्चच्या सुरुवातीला संपते.

पण त्या फॉर्मात तुमचं नाव नसतं. आमच्या किती योजना आहेत, त्यात मेडिकेअरला पात्र असे अंदाजे किती लोक आहेत, योजना तोडीच्या आहेत की नाहीत, एवढंच. तुम्ही अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत त्या योजनेत होता, हे त्यावरून सरकारला कळत नाही. म्हणून 'सरकारला सगळं माहीत असतं' या भरवशावर पत्र टाकून देऊ नका.

'दंड असून असून किती असणार?'

नोंदणीची पहिली मुदत संपल्यावर सलग ६३ दिवस किंवा जास्त तोडीचं कव्हर नसेल तर दंड लागतो. ती पहिली मुदत सात महिन्यांची असते: पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात येतो तो महिना, आधीचे तीन आणि नंतरचे तीन. दंड म्हणजे रिकाम्या प्रत्येक पूर्ण महिन्याला राष्ट्रीय आधार प्रीमियमच्या, म्हणजे सीएमएस दरवर्षी देशभरासाठी ठरवतं त्या मासिक आकड्याच्या, १ टक्का. हा आधार प्रीमियम २००६ मध्ये ३२.२० डॉलर होता, २०२५ मध्ये ३६.७८ आणि २०२६ साठी ३८.९९ डॉलर आहे.

समजा, एक काका जून २०२२ मध्ये पासष्टचे झाले. पार्ट ए घेतला, नोकरी चालू ठेवली. कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये योजना बदलली आणि नवी योजना तोडीची नव्हती. काकांनी पत्र वाचलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये निवृत्त होऊन जानेवारी २०२६ पासून पार्ट डी घेतला. रिकामे महिने ३६, म्हणजे ३८.९९ चे ३६ टक्के. दहा सेंटला पूर्ण करून दरमहा १४ डॉलर, वर्षाला १६८. काकूही त्याच वयाच्या आणि त्याच विम्यावर असतील तर त्यांचा वेगळा.

वर्षाला १६८ म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण हा दंड एकदाच भरायचा नाही. पार्ट डी असेपर्यंत, म्हणजे बहुतेकांसाठी आयुष्यभर, तो प्रीमियमला चिकटून राहतो आणि आधार प्रीमियम वाढला की तोही वाढतो. वीस वर्षं धरली तर आजच्याच दराने ३,३६० डॉलर. सामाजिक सुरक्षेच्या पेन्शनवर जगणाऱ्या घरात हे पैसे जाणवतात.

माझ्या मते त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. कव्हरचा दर्जा घसरला तर पार्ट डी घेण्यासाठी दोन महिन्यांची खास मुदत मिळते. पत्र वाचलं नाही तर ती मुदत निसटते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागते. मधल्या काळात महागडं औषध सुरू झालं तर २,१०० डॉलरची मर्यादा तुमच्या कामाची नाही.

'मी तर एकही गोळी घेत नाही'

आनंदाची गोष्ट आहे. पण नियम गोळ्या मोजत नाही, कव्हर मोजतो. ज्यांना औषधं लागत नाहीत त्यांनीच बाहेर राहू नये म्हणून तर हा दंड आहे. आज निरोगी असलेल्यांनी कमी प्रीमियमची एखादी योजना घेऊन ठेवली तरी महिने रिकामे जात नाहीत. फार्मसीत दाखवायची सवलतीची कार्डं मात्र यात चालत नाहीत. ती म्हणजे विमा नव्हे. उत्पन्न कमी असल्यामुळे सरकारची 'एक्स्ट्रा हेल्प' ही मदत ज्यांना मिळते, त्यांना हा दंड लागत नाही.

पुण्याला किंवा नाशिकला घेतलेली आरोग्य पॉलिसी इथे मोजली जात नाही, हेही अनेकांना उशिरा कळतं. ग्रीन कार्डावर मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना पाच वर्षं सलग राहिल्यानंतर प्रीमियम भरून मेडिकेअर घेता येतं. त्यांना सहसा मुलाच्या कंपनीचा विमा नसतो आणि त्यामुळे असं कुठलंही पत्र येत नाही. त्यांच्या तारखा मुलांनीच लक्षात ठेवायच्या.

कोब्रा आणि पार्ट बी: दोन वेगळी घड्याळं

निवृत्तीनंतर बरेचजण अठरा महिने कोब्रावर राहतात. त्यातलं औषध कव्हर तोडीचं असेल तर पार्ट डीपुरतं ते मोजलं जातं. पण डॉक्टरांसाठीच्या पार्ट बीला वेगळा नियम आहे. तिथे स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीतला विमाच मोजतात, आणि नोकरी किंवा तो विमा यांपैकी जे आधी संपेल तेव्हापासून आठ महिन्यांत नोंदणी करावी लागते. कोब्रा चालू आहे म्हणून निश्चिंत राहिलेली माणसं पार्ट बीच्या दंडात सापडतात, आणि तो दंड याहून कितीतरी जड आहे.

एचएसए असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मेडिकेअरचा कोणताही भाग सुरू झाला की त्या खात्यात पैसे टाकणं बंद करावं लागतं. पासष्टीनंतर सामाजिक सुरक्षेचं पेन्शन सुरू केलं तर पार्ट ए आपोआप येतो आणि तो सहा महिन्यांपर्यंत मागच्या तारखेने लागू शकतो.

'आमच्या दवाखान्यात सहाच माणसं आहेत'

इथे अनेक मराठी डॉक्टरांचे दवाखाने आहेत, छोट्या सल्लागार कंपन्या आहेत, दुकानं आहेत. मालकांचा नेहमीचा समज असा की असले नियम मोठ्या कंपन्यांना. मेडिकेअरच्या काही नियमांत वीस कर्मचाऱ्यांची रेषा आहे, ते खरं. पण या पत्राच्या नियमात अशी रेषा नाही. गट आरोग्य विम्यात औषधांचं कव्हर देत असाल आणि योजनेत एक जरी मेडिकेअर-पात्र माणूस असेल, तर त्याला पत्र द्यायचं आणि सीएमएसला कळवायचंही. योजना विमा कंपनीकडून घेतलेली असो, स्वतःच्या पैशांतून चालवलेली असो, सरकारी असो की चर्चची. पत्र पाठवायचं काम विमा कंपनीकडे किंवा प्रशासकाकडे सोपवता येतं, पण जबाबदारी सोपवता येत नाही. त्यांनी पाठवलं का, हे तुम्हीच विचारायचं. पत्राचा तयार नमुना सीएमएस विनामूल्य देतं, त्यात नाव, तारीख आणि योजनेचा तपशील भरायचा. दुपारच्या एका मोकळ्या तासाचं काम आहे.

'कंपनीने पत्रच दिलं नाही तर?'

या कायद्याची दुखरी नस इथे आहे. पत्र न देणाऱ्या बहुतेक कंपन्यांसाठी या नियमांत थेट आर्थिक दंड नाही. निवृत्तांच्या औषधांसाठी सरकारकडून अनुदान घेणाऱ्या कंपन्यांना पत्रं देणं ही त्या अनुदानाचीच अट आहे, पण त्या मोजक्या. म्हणजे चुकते कंपनी आणि आयुष्यभर भरतो तिचा जुना कर्मचारी. हे मला मान्य होत नाही. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्यावर सांगण्याचं कर्तव्य टाकलं, हे योग्यच केलं. पण कर्तव्य चुकल्याची किंमत मात्र ज्याच्याकडे माहिती नव्हती त्याच्या माथी मारली.

तरी एक दार कायद्याने उघडं ठेवलं आहे. कव्हर तोडीचं नाही हे आपल्याला नीट सांगितलंच गेलं नव्हतं, असं दाखवता आलं तर दंडाचा फेरविचार मागता येतो. दंडाचं पत्र आल्यावर, त्यावरच्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज करायचा. निर्णय येईपर्यंत दंड भरत राहावं लागतं, ते थांबवू नका. अर्जासोबत जोडायला जे काही असेल ते जोडा: त्या वर्षांच्या पुस्तिका, एचआरशी झालेला पत्रव्यवहार, विम्याची कार्डं.

आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही, पण सप्टेंबर सरला तरी पत्र हाती आलं नाही, त्यांनी पाचवा प्रसंग आठवावा: मागितलं की केव्हाही. एचआरला दोन ओळींचा ईमेल पुरे. आपल्या गट योजनेतलं औषधांचं कव्हर मेडिकेअर पार्ट डीच्या दृष्टीने क्रेडिटेबल आहे का, आणि मी मेडिकेअरला पात्र झालो त्या वर्षापासूनच्या सूचनांच्या प्रती मिळतील का? माझ्या पत्नीने हा ईमेल मागच्या वर्षी पाठवला, तेव्हा तिला आठवड्याभरात तीन वर्षांची तीन पत्रं आली. ती आता पासपोर्टच्या फाइलमध्ये, जन्मदाखल्यांच्या मागच्या कप्प्यात ठेवली आहेत.